हुसेन यांची सही असलेली घोड्यांची सेरिग्राफ: खरी आहे का आणि किंमत कशी ठरवायची?

गोदाकाठ_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचा.

आमचे बाबा मुंबईत फोर्टला बँकेत होते, जेवणाच्या सुट्टीत जहांगीरला चक्कर मारायची त्यांची सवय होती आणि नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांनी एम. एफ. हुसेन यांचं एक चित्र घेतलं, म्हणजे चित्र नाही, प्रिंट, ते स्वतः त्याला सेरिग्राफ म्हणायचे. गेल्या वर्षी बाबा गेले. आता दादरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय, घर रिकामं करायचंय आणि हे चित्र कुणाकडे जाणार हा प्रश्न आलाय. आईला ते ठेवायचंय, भावाचं म्हणणं विकून पैसे वाटून घेऊ.

चित्रात तीन घोडे आहेत, उसळलेले, लाल, काळा आणि मातकट रंग. काचेसकट फ्रेम आहे, आतला कागद अंदाजे २२ बाय ३० इंच. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ८७/२५० लिहिलंय आणि उजवीकडे सही आहे. मागे फ्रेम करणाऱ्याचं जुनं लेबल आहे, मुंबईचंच. बिल अजून सापडलेलं नाही. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आतल्या कडेने एक तपकिरी रेघ आलीय आणि वरच्या बाजूला बारीक ठिपके पडलेत.

ओळखीतून एक डीलर येऊन बघून गेले, म्हणाले सही छापील आहे, पोस्टर आहे, पण तुमच्या बाबांची आठवण म्हणून ३५ हजार देतो, आत्ता लगेच. दुसरीकडे भाचा मोबाइलवर हुसेन यांचं चित्र ११८ कोटींना गेल्याची बातमी दाखवतोय. या दोन आकड्यांच्या मध्ये आम्ही नेमके कुठे आहोत? सही हाताची आहे की छापलेली हे घरच्या घरी कळतं का? २५० मधला ८७ नंबर म्हणजे चांगला की वाईट? आणि विकायचं ठरलं तर कुणाकडे जायचं? चित्राशी बाबांचा फार जीव होता, त्यामुळे चुकीच्या माहितीवर काही व्हायला नकोय.

जाळी_आणि_शाई

ताई, पहिलं म्हणजे त्या डीलरला सध्या थांबवा. पोस्टर आहे असं ज्याचं खरंच मत आहे तो माणूस आठवण म्हणून ३५ हजार मोजत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मी जेजेला प्रिंटमेकिंग शिकलोय, आता स्वतःचं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे, त्यामुळे छपाईच्या बाजूने सांगतो. सगळेजण आधी सहीकडे बघतात, माझं म्हणणं आहे की आधी शाई बघा, मग सही, आणि किंमत सगळ्यात शेवटी. कारण सही खरी असली तरी ती पोस्टरवर केलेली असू शकते, आणि मग ती वेगळी वस्तू होते.

सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंटच. लग्नपत्रिका, स्टिकर आपल्याकडे वर्षानुवर्षं ज्या पद्धतीने छापले गेले तीच पद्धत, फ्रेमवर ताणलेली जाळी, त्यावर शाई ओतायची आणि रबराच्या स्क्विजीने ओढायची. फरक इतकाच की इथे प्रत्येक रंगाला वेगळी जाळी बनते, एकेका रंगाचा हात मारायचा, वाळू द्यायचं, मग पुढचा रंग, आणि चांगल्या कामात अशा वीस-पंचवीस जाळ्यासुद्धा लागतात. म्हणून शाई कागदावर थरासारखी बसते, रंग सलग असतो, आणि जिथे एका रंगावर दुसरा चढलाय तिथे तिरक्या उजेडात चक्क कड दिसते. ऑफसेटचं पोस्टर असेल तर तसं काही होत नाही, तिथे चारच शाया असतात, निळी, मजेंटा, पिवळी आणि काळी, आणि त्यांच्या बारीक ठिपक्यांतून सगळे रंग तयार केलेले असतात. भिंगातून बघितलं की ते ठिपके छोट्या फुलांसारख्या गोल नक्षीत बसलेले दिसतात, एकदा बघितलं की परत चुकत नाही.

तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात ते, स्टेशनरीच्या किंवा घड्याळाच्या सामानाच्या दुकानातही मिळतं. काचेवरून नीट दिसेलच असं नाही कारण माउंटमुळे कागद काचेपासून आत असतो, पण मोबाइलला मॅक्रो असेल तर त्याने फोटो काढून झूम करा. लाल घोड्याच्या अंगावर बघा आणि मुख्य म्हणजे लाल आणि मातकट रंग जिथे भेटतात तिथे बघा. चाररंगी फुलांची नक्षी दिसली तर ऑफसेट. नक्षी नाही पण अगदी बारीक, विस्कटलेले, फवारल्यासारखे कण दिसले तर इंकजेट, ज्याला आर्टवाले जिक्ले म्हणतात, ती साधारण नव्वदच्या दशकापासून सुरू झाली. सलग रंग आणि थर दिसले तर स्क्रीन. एक सांगून ठेवतो, काही सेरिग्राफमध्ये फोटोवरून केलेली एखादी जाळी असते, तिथे ठिपके दिसतात पण ते एकाच रंगाचे आणि जाडे असतात, त्यावरून घाबरू नका.

आता सही. पेन्सिलीची सही असेल तर ग्रॅफाइटला चमक असते. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूने, कागदाला जवळपास समांतर धरा आणि डोकं हलवून बघा, पेन्सिल राखाडी चमकते आणि जिथे जोर दिलाय तिथे कागद किंचित दबलेला दिसतो. छापलेली सही मेल्यासारखी सपाट राहते आणि भिंगाखाली तिच्यातही ठिपके निघतात. खोडरबर लावून बघू नका, असा सल्ला देणारे लोक असतात. ओलं बोट तर अजिबात नाही.

अजून एक तपासणी आहे जी मला सगळ्यात भरवशाची वाटते. याच चित्राची दुसरी प्रत लिलावाच्या साइटवर शोधा आणि तिच्या सहीचा फोटो तुमच्या सहीशेजारी ठेवा. माणूस दोनदा अगदी तंतोतंत सारखी सही करूच शकत नाही, थोडा तरी फरक पडतोच, उंचीत, कलात, कागदाच्या कडेपासूनच्या अंतरात. दोन्ही प्रतींवर सही मिलिमीटरपर्यंत एकाच जागी आणि एकाच आकाराची असेल तर ती छापील आहे. आणि लिपीवरून लगेच निर्णय नको, हुसेन यांच्या सह्या देवनागरीत, इंग्रजीत, उर्दूत अशा वेगवेगळ्या सापडतात.

८७/२५० चा अर्थ, एकूण २५० प्रतींची आवृत्ती आणि तुमची ८७ वी. नंबर लहान म्हणजे किंमत जास्त हा समज तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून छापतात त्या ड्रायपॉइंटवरून आलाय, तिथे पत्रा झिजतो म्हणून सुरुवातीच्या प्रती खरंच जास्त भरीव येतात. स्क्रीनमध्ये तसं होत नाही, शिवाय नंबर घालताना गठ्ठा छपाईच्या क्रमानेच लावलेला असतो असंही नाही. खालचा आकडा मात्र महत्त्वाचा. दुसऱ्या प्रतींवर खाली २५० च आहे का ते बघा. याशिवाय ए/पी लिहिलेल्या प्रती असतात, त्या कलाकारासाठी ठेवलेल्या, साधारण आवृत्तीच्या दहा टक्के, आणि एच/सी म्हणजे विक्रीसाठी नसलेल्या. कधी तेच चित्र कॅनव्हासवर वेगळ्या आवृत्तीतही काढलेलं असतं, त्याची किंमत तुमच्या कागदाला लावू नका.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात शाई न लावता दाबून उठवलेला शिक्का आहे का तेही टॉर्चने शोधा, छापणाऱ्या स्टुडिओचा किंवा प्रकाशकाचा असतो. नसला म्हणून खोटं ठरत नाही, असला तर धागा मिळतो.

लिलाव_रोज_बघतो

वरचं सगळं बरोबर. किमतीचं मी बोलतो.

११८ कोटीवालं चित्र डोक्यातून काढा. ते ग्राम यात्रा, १९५४ चं, जवळजवळ १४ फूट लांब, तेरा तुकड्यांमध्ये भारतातलं गाव रंगवलेलं, जगात एकच. १९५४ मध्येच एका डॉक्टरने घेऊन ते नॉर्वेला नेलं, कित्येक वर्षं ओस्लोच्या हॉस्पिटलात होतं आणि मार्च २०२५ मध्ये क्रिस्टीजच्या न्यूयॉर्कच्या लिलावात १.३७ कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या बातमीनंतर घराघरातून हुसेन बाहेर निघायला लागले, त्यात पोस्टर पण आले, नकली पण आले. हुसेन यांच्या नावाने नकली माल बाजारात भरपूर आहे हे कुणीही गॅलरीवाला सांगेल, म्हणून खरेदीदार आता कागदपत्र मागतात.

सेरिग्राफचा बाजार वेगळा. मूळ कॅनव्हास कोटींत, सही-नंबरची सेरिग्राफ हजारांपासून काही लाखांपर्यंत. एवढा मोठा पट्टा का, तर चित्र कोणतं, आकार किती, आवृत्ती किती प्रतींची, कागद कसा राहिलाय आणि कागदपत्र काय आहे यावर सगळं आहे. घोडे लोकांना हवेच असतात, ते तुमच्या बाजूने. २५० ची आवृत्ती मोठी आहे, ते थोडं विरुद्ध. तपकिरी रेघ आणि ठिपके नक्की विरुद्ध.

आकडा शोधायचा तर दुकानाच्या साइटवर मागितलेली किंमत बघू नका, कुणीही काहीही मागतं. सॅफ्रनआर्ट, अ‍ॅस्टागुरू, पंडोल्स या तिन्ही मुंबईतल्याच संस्था आहेत, त्यांच्या साइटवर मागच्या लिलावांचे निकाल सापडतात, सॅफ्रनआर्टचं स्टोरीएलटीडी म्हणून कमी किमतीच्या कामांचं वेगळं व्यासपीठ आहे तिथेही प्रिंट येतात. याच चित्राचे निकाल शोधा, नाही मिळाले तर घोड्यांच्याच पण याच आकाराच्या कागदावरच्या सेरिग्राफचे. गेल्या दोन-तीन वर्षांतलेच धरा. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, साइटवर दिसणारा आकडा बहुतेकदा प्रीमियमसकट असतो, म्हणजे हातोडा जिथे पडला त्यावर खरेदीदाराने भरलेली संस्थेची टक्केवारी धरून. तुमच्या हातात हातोड्याच्या रकमेतून तुमच्याकडचं कमिशन वजा जाऊन उरेल तेवढंच येतं. काही ठिकाणी फोटो, विमा, वाहतूक यांचेही पैसे कापतात, करार सही करण्याआधी विचारायचं.

सातारी_वाडा

मध्येच विचारतो माफ करा, पण आमच्या जुन्या वाड्यात देवघराबाहेर रवि वर्मांची लक्ष्मी आहे, काचेच्या फ्रेममध्ये, साडीला टिकल्या आणि जर लावलेली. खाली कोपऱ्यात सही पण आहे. ती पण अशी लिमिटेड एडिशन धरायची का? काका म्हणतात सही आहे म्हणजे लाखोंचा माल.

जाळी_आणि_शाई

नाही दादा, ती वेगळी गोष्ट आहे आणि तुमची लक्ष्मी मोलाचीच आहे, पण सहीमुळे नाही. रवि वर्मांनी १८९४ मध्ये गिरगावात प्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९०६ मध्ये रवि वर्मा वारले तरी छपाई चालूच होती, त्यांची चित्रं हजारोंनी घराघरात गेली आणि तेच त्यांना हवं होतं, देवळात जायला न मिळणाऱ्यालाही देवीचं दर्शन घरी मिळावं. ती सही मूळ चित्रातली, छपाईच्या दगडावर उतरवून चित्राबरोबरच छापलेली. नंबर घातलेली आवृत्ती नसते.

तुमच्यात बघायचं ते असं, खालच्या पांढऱ्या पट्टीवर प्रेसचं आणि गावाचं नाव छापलंय का, की फ्रेमवाल्याने ती पट्टी कापून टाकलीय, ते कापलेलं असलं की फार वाईट वाटतं कारण काळ ठरवायला तीच एक जागा असते. भिंगाखाली ठिपके दिसतील पण हाताने मारल्यासारखे वेडेवाकडे, ओळीत नसलेले. सगळे ठिपके सरळ रांगेत, गोल नक्षीत असले तर नंतरची ऑफसेट नक्कल. आणि टिकल्या, जर काढू नका कुणी सांगितलं तरी. घरातल्या बायकांनी हौसेने केलेलं ते काम आहे आणि आता अशा सजवलेल्या प्रतींना मुद्दाम मागणी असते. शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर पाठवता येत नाही हे पण माहीत असू द्या, परदेशातल्या नातेवाइकाला भेट द्यायचा विचार असेल तर.

सातारी_वाडा

पट्टी शाबूत आहे, त्यावर कार्ला लोणावळा असं इंग्रजीत वाचता येतंय. खूप धन्यवाद, काकांना दाखवतो. नवा धागा काढतो, इथे गर्दी नको.

कागद_जपणारी

गोदाकाठ ताई, मी कागदाच्या संवर्धनाचं काम करते आणि तुमची तपकिरी रेघ वाचल्यापासून राहवेना.

ती रेघ माउंटच्या पुठ्ठ्यामुळे आलीय. आपल्याकडे त्या काळात, आणि अजूनही कितीतरी दुकानांत, साधा लाकडाच्या लगद्याचा पुठ्ठा माउंटला वापरतात, त्यात आम्ल असतं आणि ते हळूहळू शेजारच्या कागदात उतरतं. ठिपके मुंबईच्या दमट हवेचे. पाठीमागे जर साधं हार्डबोर्ड असेल तर तिकडूनही कागद पिवळा होत असणार. हे सगळं थांबवता येतं, काही प्रमाणात उपचारही होतात, पण ते काम फ्रेमवाल्याचं नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्रिंटचं उदाहरण सांगते, एका फ्रेमवाल्याने सुरकुत्या जाव्यात म्हणून ती बोर्डावर गरम करून चिकटवली होती आणि नवीन फ्रेमच्या मापात बसावी म्हणून कडा कापल्या होत्या, त्यात नंबरचा अर्धा भाग गेला. चिकटवलेलं काढायला जीव जातो आणि कापलेलं तर परत येतच नाही. चित्र सुंदर होतं, सही खरी होती, तरी त्याचं मोल कायमचं पडलं.

तुम्ही तपासणीसाठी फ्रेम उघडणार असाल तर आधी काचेला कागद चिकटलाय का ते तिरकं धरून बघा. सेरिग्राफची शाई जाड असते, पावसाळ्यात काचेला चिकटते, ओढली तर रंगाचा पोपडा काचेवर राहतो. चिकटलेलं दिसलं तर तसंच ठेवा आणि जाणकाराकडे घेऊन जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्याही प्रयोगशाळा वेगवेगळ्या शहरांत आहेत, तिथे विचारा.

मोकळं असेल तर सपाट टेबलावर धुतलेली सुती चादर टाकून, हात कोरडे करून, मागून उघडा. सेलोटेप दिसली तर उपटू नका. मागचं लेबल फाडू नका, तो पुरावा आहे, त्याचा फोटो काढा आणि बोर्ड बदलावा लागला तरी लेबल जपून ठेवा. नवीन फ्रेम करताना आम्लरहित माउंट मागा, प्रिंट वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगायची, फेव्हिकॉल नाही, डबल टेप नाही. काच किंवा अ‍ॅक्रिलिक अतिनील किरण अडवणारं घ्या. समोरच्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर ती भिंत सोडा, लाल रंगाला उन्हाचा त्रास लवकर होतो.

आणि विकायचं असेल तर उपचार करून घेण्याआधी लिलाव संस्थेशी बोला. काही खरेदीदारांना जसंच्या तसं आवडतं, घाईने ब्लीच करून पांढरा केलेला कागद ओळखू येतो आणि भाव पाडतो.

एडिसनचा_मराठी

अमेरिकेतून एक भर. इथल्या ऑनलाइन लिलावांत हुसेन, रझा यांच्या खूप प्रिंट दिसतात, रझांचा बिंदू तर सारखाच. नातेवाईक तुमच्यासाठी तिकडे भाव बघणार असतील तर वर्णनातले शब्द नीट वाचायला सांगा. आफ्टर हुसेन लिहिलं असेल तर ते त्यांच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेलं आहे असं विक्रेता स्वतःच सांगतोय. साइन्ड इन द प्लेट म्हणजे सही छपाईतलीच आहे. हँड साइन्ड किंवा पेन्सिल साइन्ड असेल तेच तुमच्याशी जुळवायचं. या तिन्हींचे निकाल एकत्र करून सरासरी काढली तर आकडा पार फसवा निघतो.

गोदाकाठ_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी दादरला जाऊन आले. काचेला कुठे चिकटलेलं नव्हतं म्हणून भावाला बरोबर घेऊन फ्रेम मागून उघडली, कागद_जपणारी यांनी सांगितलं तसंच सगळं केलं.

भिंगातून रंग सलग आहेत, कुठेही फुलांसारखी नक्षी नाही. काळ्या घोड्याच्या मानेपाशी काळा रंग लालवर चढलाय तिथे कड स्पष्ट दिसते, बोट लावलं नाही पण डोळ्यांनीच जाड वाटते. सही आणि नंबर टॉर्चखाली चमकतात, सहीच्या शेवटच्या फटकाऱ्याला कागद दबलेला आहे. माउंटखाली झाकलेल्या उजव्या कोपऱ्यात दाबून उठवलेला गोल शिक्का निघाला, अक्षरं पुसट आहेत, वाचता येत नाहीत. भावाला तिरक्या उजेडात फोटो काढायला सांगितलंय.

याच चित्राची एक प्रत जुन्या लिलावाच्या यादीत सापडली, तिच्यावरही खाली २५० आहे आणि सही थोडी वेगळ्या उंचीवर, शेवटचा फटकारा आखूड. आणि बाबांच्या बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत गॅलरीची पावती मिळाली!! चित्राचं नाव, सेरिग्राफ असा उल्लेख आणि नंबर ८७ लिहिलेला आहे. आईने ती पावती हातात घेतली ती बराच वेळ ठेवलीच नाही.

आता पुढे?

जाळी_आणि_शाई

वा, हे वाचून फार आनंद झाला. पावतीवर नंबर आहे ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण त्यामुळे पावती याच कागदाची ठरते, नुसतं हुसेन प्रिंट लिहिलेली पावती कुठल्याही प्रतीला जोडता येते. छपाई सेरिग्राफचीच, सही हाताची, दुसरी प्रत जुळते, शिक्का आहे. माझ्या बाजूने शंका उरली नाही, तरी फोटोवरून आणि वर्णनावरून कुणीही अखेरचा दाखला देऊ नये, मीही देत नाही, प्रत्यक्ष वस्तू बघणाऱ्या तज्ज्ञाचं मत लेखी घ्या. शिक्क्यासाठी कागदाच्या मागून पण एक फोटो काढा, मागच्या बाजूने कधीकधी उलटी अक्षरं जास्त ठसठशीत येतात, मग मोबाइलवर फोटो फिरवून वाचायचा.

पावती फ्रेमच्या मागे चिकटवू नका. स्कॅन करून वेगळी ठेवा.

ठाणे_सीए

कराचं कुणी बोललं नाही म्हणून. घरातलं फर्निचर, कपडे विकले तर भांडवली नफा लागत नाही कारण ते वैयक्तिक वापराच्या वस्तूंत येतं, पण चित्रं, शिल्पं, कुठलीही कलाकृती त्यातून मुद्दाम वगळलेली आहे. म्हणजे विकलंत तर नफ्यावर कर. वारशाने आलेल्या वस्तूला बाबांची खरेदी किंमत धरतात आणि त्यांनी ठेवलेला काळही मोजतात, त्यामुळे हे दीर्घ मुदतीचंच आहे, सध्या १२.५ टक्के. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्याने त्या तारखेचं बाजारमूल्य किंमत म्हणून घेता येतं, त्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल घ्या. पावती इथेही कामाला येणार. आणि विक्रीआधी वारसांची आपापसात लेखी संमती असू द्या, आईंची सही त्यात हवीच. पैसे बँकेतूनच घ्या, तो डीलर रोख म्हणत असेल तर नको म्हणा.

लिलाव_रोज_बघतो

पुढचं असं करा. समोरून पूर्ण फोटो, सही आणि नंबर जवळून, शिक्का, तपकिरी रेघ आणि ठिपके न लपवता, मागची बाजू, लेबल, पावती, आणि माप सेंटिमीटरमध्ये, कागदाचं वेगळं आणि चित्राचं वेगळं. हे सगळं दोन-तीन लिलाव संस्थांना मेल करा. विक्रीसाठी प्राथमिक अंदाज सहसा फुकट देतात, तो खालचा-वरचा असा दोन आकड्यांत येतो. सगळ्यात मोठा आकडा सांगेल त्याच्याकडे धावू नका, अंदाज फुगवून माल मिळवायचा आणि मग विकला नाही की राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही तो आकडा, खाली आणायला सांगायची, हे चालतं. राखीव किंमत किती ठेवणार, कमिशन किती आणि विकलं नाही तर परत आणायचा खर्च कुणाचा, हे तिन्ही लेखी घ्या. एकदा लिलावात न विकलेली वस्तू लगेच दुसरीकडे नेली तर लोकांना आठवण असते, म्हणून पहिली जागा विचार करून निवडा.

ठेवायचं ठरलं तर विम्यासाठीचं मूल्यांकन वेगळं मागा, ते पैसे देऊन करावं लागतं आणि आकडा लिलावाच्या अंदाजापेक्षा जास्त येतो, कारण त्यात तशीच प्रत परत विकत घ्यायला किती लागतील ते धरतात. वाटणीसाठी मात्र लिलावाचा अंदाज वापरा, विम्याचा नको, नाहीतर जो चित्र ठेवेल त्याच्यावर अन्याय होतो.

गोदाकाठ_नाशिक

हा शेवटचा मुद्दा आम्हाला सुचलाच नसता. भावाशी बोलले, दोन ठिकाणांहून अंदाज मागवतोय आणि त्याच्या मधला आकडा धरून वाटणी करायचं ठरलंय. चित्र आईकडे राहील, माझ्या आणि आईच्या हिश्श्यातून भावाचा भाग देऊ, तोही खुश आहे. डीलरना नाही कळवलं. त्यांचा लगेच फोन आला, आता ६० म्हणतायत.

कागद_जपणारी ताई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नाशिकला नेण्याआधी ठिपक्यांचं काम मुंबईतच करून घ्यावं की प्रवासानंतर, एवढं सांगा.

कागद_जपणारी

मुंबईतच. ओल असलेला कागद बंद पेटीत प्रवास करायला नको. तोवर फ्रेममधून काढलेलाच आहे तर दोन आम्लरहित कागदांच्या मध्ये सपाट ठेवा, गुंडाळी अजिबात नको, आणि त्यावर वजन ठेवू नका. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीला लागून नाही. व्यनिला उत्तर दिलंय.